दिवस गेलेत हे गावाला नंतर सांगा, आशाताईला आधी

तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, ही रीत कोकणात अजून आहे. वाडीत नका सांगू, काही बिघडत नाही. पण या गुपितातून आशाताईलाही वगळलं की नोंदणी चौथ्या-पाचव्या महिन्यावर जाते आणि पहिल्या १२ आठवड्यांत करायचं ते राहून जातं.

पाळी चुकली की आधी किट. 'निश्चय' किट आशाताईकडे फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब, पाच मिनिटं थांबून निकाल. अर्ध्या तासाने बघायला गेलात तर सुकल्याची फिकट रेघ दिसते आणि घरात उगाच पेढे येतात. पावसाळ्यात आपल्याकडे मिठालाही पाणी सुटतं. पाकीट फोडलं की लगेच वापरा. एकच रेघ आली आणि पाळीही येत नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'गणपती गेल्यावर चार दिवसांनी' असं सांगितलं तर पुढचं सगळं गणित हलतं. त्या तारखेत ९ महिने ७ दिवस मिळवायचे: १० जूनला पाळी आली असेल तर अंदाजे तारीख १७ मार्च. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब सोडा, सोनोग्राफीची तारीख धरा.

फॉलिक ॲसिड मात्र किटवर दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी सुरू करा. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून बनतात ती नळी शेवटच्या पाळीपासून साधारण सहाव्या आठवड्यातच मिटते. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे. रोजची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, ती बारा पटीहून जास्त. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला कण्याचा दोष असेल, तर डॉक्टर मुद्दाम ती देतात. फिटची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना लगेच भेटा. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम चौथ्या महिन्यापासून, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवून.

उपकेंद्रात नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, वजन आणि रक्तदाब लिहिला जातो, धनुर्वाताची पहिली सुई मिळते. रक्तात हिमोग्लोबिन (११ च्या खाली म्हणजे रक्त कमी), रक्तगट, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ बी बघतात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

सकाळी मळमळत असेल तर उठण्याआधी मूठभर कुरमुरे, मग मऊ पेज आणि मेतकूट, थोडं थोडं. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर घरगुती उपाय सोडा, सलाईन लागतं.

मासे सोडायचं कारण नाही. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील नीट शिजवून बेलाशक खा. मोरी (शार्क) टाळा आणि मोठी सुरमई क्वचितच, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. अर्धवट शिजलेली कालवं, तिसऱ्या नकोत.

आता खास आपल्याकडची गोष्ट. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) भीतीने डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या वाटल्या जातात. घरातले सगळे घेतात म्हणून गरोदर बाईनेही घेऊ नये. गरोदरपणात ती चालत नाही. वाटणाऱ्याला ठाऊक नसतं, कारण आपणच कुणाला सांगितलेलं नसतं! या दिवसांत हिला चिखलात उतरवू नका. ताप आलाच तर त्याच दिवशी दवाखाना. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं.

पहिली सोनोग्राफी सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास. गर्भ पिशवीतच आहे ना, हे तिथेच कळतं. दुसरी ११ ते १३ आठवड्यांत. पोटात एका बाजूला सतत दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, थोडासा रक्तस्राव यांतलं काही दिसलं तर गर्भ पिशवीबाहेर, बीजवाहक नळीत असू शकतो. नळी फुटली की पोटात रक्त साठतं, बाहेर फारसं दिसत नाही, म्हणून घरचे 'थोडंच जातंय' म्हणून थांबतात. थांबू नका, १०८ लावा. वाडीत रेंज कुठे मिळते, पावसात साकव बुडाला तर गाडी कुठवर येते, हे आधीच ठरवून ठेवा.

पहिलं बाळंतपण माहेरी करणार असाल तर कार्ड, रिपोर्ट आणि नोंदणी क्रमांक सोबत न्या आणि तिथल्या आशाताईला पोचल्याच दिवशी दाखवा. नाहीतर रक्त पुन्हा काढतात, धनुर्वाताची दुसरी सुई चार आठवड्यांनी द्यायची ती कुणाच्याच यादीत राहत नाही.