हॅव की हॅड? वाक्य तपासताना मी काय पाहतो

मराठी माणसाने लिहिलेला इंग्रजी मजकूर तपासताना मला वारंवार खोडावा लागणारा शब्द म्हणजे हॅड. तो येतो कुठून हे उघड आहे. 'मी काल बँकेत गेलो होतो' यातल्या 'होतो'ला मराठीत दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही. गेलो आणि आलो, विषय संपला. हॅडला मात्र भूतकाळातलाच आणखी एक क्षण लागतो, ज्याच्या आधी हे घडलं. तो नसेल तर 'आय वेंट टू द बँक येस्टरडे' एवढंच बरोबर.

म्हणून हॅड दिसला की मी तो दुसरा क्षण शोधतो. त्याच वाक्यात सापडला पाहिजे असं नाही, मागच्या परिच्छेदात असला तरी चालतं. मग हॅड काढून वाचतो. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे गाडी चुकली. 'द ट्रेन लेफ्ट' केलं तर आम्ही पोचलो आणि गाडी सुटली. अर्थ बदलला, हॅड ठेवायचा. 'आफ्टर ही हॅड फिनिश्ड द रिपोर्ट, ही वेंट होम' यात मात्र आफ्टरनेच क्रम सांगितलाय. नुसतं 'फिनिश्ड' पुरतं. शाळेत इथे हॅड सक्तीचा असल्यासारखं शिकवतात, तो तसा नाही. पण दोन्ही क्रियापदांना हॅड लावला तर आधी काय घडलं हेच कळेनासं होतं.

लांब पूर्वकथा असेल तर पहिल्या एक-दोन क्रियापदांना हॅड लावून पुढे साधा भूतकाळ वापरतो. वाचक मागे गेलेला असतोच.

हॅव आणि हॅजचा मुक्काम 'आत्ता'त. त्यामुळे वाक्यात येस्टरडे, लास्ट वीक, ॲगो किंवा 2019 सारखं संपलेलं साल सापडलं की हॅव बाद: 'आय हॅव सेंट द मेल येस्टरडे' चूक, 'आय सेंट' बरोबर. गंमत अशी की हॅडला सालाचं वावडं नाही. 'आय हॅड मेट हिम इन 2015, सो आय रेकग्नाइज्ड हिम ॲट वन्स' हे निर्दोष वाक्य आहे. ॲगो मात्र आजपासून मागे मोजतं, म्हणून हॅडसोबत मी त्याजागी बिफोर किंवा अर्लिअर घालतो.

सर्वांत महागात पडणारी जागा म्हणजे नोकरीचा अर्ज. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' वाचणाऱ्याला तुम्ही अजून तिथेच आहात असं वाटतं. नोकरी सोडली असेल तर 'आय वर्क्ड'. जुनी नोकरी आहे म्हणून 'हॅड वर्क्ड' लिहितात, तेही नको. 'बिफोर आय जॉइन्ड' असा पुढचा टप्पा सांगायचा असेल तरच तो शोभतो. आणि 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' मध्ये दोन दुरुस्त्या असतात: 'हॅव बीन वर्किंग' आणि 'फॉर फाइव्ह इयर्स'. सिन्स सुरुवातीच्या क्षणाला, फॉर कालावधीला.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना हॅव सहसा एक पायरी मागे सरकतो: 'शी सेज शी हॅज पेड', पण 'शी सेड शी हॅड पेड'. 'ही'ड' सारखं संक्षिप्त रूप आलं तर पुढचं क्रियापद बघायचं. 'ही'ड गॉन' म्हणजे हॅड, 'ही'ड गो' म्हणजे वुड.

'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम' या वाक्याला वरची कसोटी लावत नाही. तिथला हॅड आधी-नंतर सांगत नाही, घडलंच नाही हे सांगतो. तसंच मजकूर अमेरिकन वाचकासाठी असेल तर 'आय ऑलरेडी एट' ला मी हात लावत नाही. तिकडे ते सर्रास चालतं. ब्रिटिश वळणाच्या मजकुरात मात्र 'आय हॅव ऑलरेडी ईटन' करतो.