वॉरंटीत नारळ बसत नाही

मागच्या गणपतीत आईनं माझ्या सुरीनं नारळ फोडला. म्हणजे मुठीजवळच्या टोकानं ठक ठक ठक, तीनच ठोके, नारळाची दोन भकलं झाली आणि सुरीच्या धारेचे मोहरीएवढे दोन टवके उडाले. मी बघतच राहिलो तर आई म्हणे, "काहून एवढं तोंड पाडून बसला बे, चाकूच तर आहे." तिला मी किंमत सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही.

सुरी जपानी पद्धतीची, पातं पातळ आणि स्टील कडक, रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मापावर, 60 च्या आसपास. अशी धार खूप दिवस टिकते पण हाड नारळ फ्रीझरमधलं मटण असलं काही समोर आलं की वाकत नाही, सरळ टवका उडतो. इतवारीतून आणलेली आमची जुनी सुरी नरम होती, दर पंधरा दिवसांनी बोथट व्हायची पण तिनं असले नारळ कित्येक खाल्ले!

आधी वाटलं रविवारी आमच्या गल्लीत सायकलवर धारवाला येतो त्यालाच द्यावी. विळीला धार लावावी ती त्यानंच, पण चाक कोरडं फिरवतो, ठिणग्या उडतात, पातं तापतं. एकदा एका सुरीची धार त्यानं निळी करून दिली होती, तसा निळा रंग आला की तिथला कडकपणा गेलाच समजा, मग ती सुरी टमाटरवरून नुसती घसरायची.

म्हणून कंपनीचा वॉरंटी फॉर्म उघडला. त्यात एक रकाना, "नुकसान कसे झाले?" बायको म्हणे लिहा ना कांदा कापताना. मी "कोहळं कापताना" असं टाईप केलं पण, खोटं कशाला सांगू, पंधरा मिनिटं तसाच बसून राहिलो, कारण टवके कुठे उडालेत ते फोटोत दिसतंच आणि रोज सुऱ्याच बघणाऱ्या माणसाला काय कळणार नाही का. शेवटी लिहून टाकलं, आईनं नारळ फोडला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. कडक वस्तूवर मारून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, फक्त मटेरियल आणि बनावटीतला दोष बसतो. बरोबरच आहे. पण खाली आणखी एक ओळ होती, मुठीच्या मधल्या रिव्हेटपाशी लाकूड आणि स्टीलमध्ये फट दिसते आहे, ती पहिल्यापासून आहे का? होती ना बाप्पा! त्या फटीत रोज कोथिंबीर अडकायची आणि मी रोज टूथपिकनं काढत बसायचो, मला वाटायचं महागाच्या सुऱ्या अशाच असतात. ते म्हणे हा आमचा दोष, सुरी पाठवा, बदलून देतो.

पाठवणं हेच मोठं काम निघालं. धरमपेठेतल्या कुरिअरवाल्यानं "चाकू" ऐकताच हात वर केले, दुसऱ्यानं घेतली पण पात्याला दोन्हीकडून पुठ्ठा, टोकाला थर्माकोल, वरून टेप, आणि पावतीवर "स्वयंपाकघरातील सुरी, वापरलेली" असं माझ्याकडून लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी नवी आली. फट नाही, कोथिंबीर अडकत नाही. मी ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये एक छोटा हातोडा आणून ठेवलाय आणि आईला दाखवलाही, तर ती म्हणे, "हातोड्यानं कोणी देवाचा नारळ फोडते का?"