डिसेंबरात पाऊस मागणारे लोक

ठाण्यात आमचा ज्यू ग्रंथांचा एक छोटा अभ्यासगट आहे. सध्या आम्ही हवामानबदल हा विषय समोर ठेवून मिश्ना (ज्यू कायद्याचा जुना संग्रह) आणि तालमूद (त्यावरची राब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, चर्चा) वाचतो. हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, ‘‘दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत कार्बनबद्दल काय मिळणार तुम्हाला?’’ शेजारी विचारतात, आमच्या सिनेगॉगमधलेही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कार्बनबद्दल काहीच मिळत नाही. पाऊस मात्र भरपूर आहे. त्यांतलं ‘तानीत’ (म्हणजे उपास) हे अख्खं प्रकरण मुख्यतः पाऊस न पडल्यास काय करायचं यावरच आहे.

मी बेने इस्राएल, मूळ गाव अलिबागच्या बाजूला. आमच्या प्रार्थनेतलं पावसाचं मागणं दरवर्षी 4 किंवा 5 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतं आणि वसंतातल्या पेसाह सणाला थांबतं. त्या दिवसांत आमच्याकडे खरंच पाऊस आला तर आंब्याचा मोहोर गळतो आणि सगळं गाव आभाळाच्या नावाने बोटं मोडतं. पण ही तारीख ठरली ती बाबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, शेतीच्या हिशेबाने. म्हणजे कोकणातला ज्यू पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी शेतासाठी पाऊस मागत आला आहे. ही अडचण आमच्या एकट्यांची नाही. निनवे या प्राचीन शहराच्या लोकांनी मिश्नाचे संकलक राब्बी यहुदा हनासींना विचारलं होतं, आम्हाला उन्हाळ्यातही पाऊस लागतो, काय करू? उत्तर आलं, तुमच्यापुरतं वैयक्तिक मागणं मागा, सगळ्यांची प्रार्थना बदलू नका. सतराव्या शतकात ब्राझीलच्या ज्यूंनी आजच्या ग्रीसमधल्या सलोनिकाच्या राब्बींना जवळजवळ हेच विचारलं. त्यांचे तर ऋतूच उलटे! आज महाराष्ट्रात अवकाळी हा शब्द रोजचा झाला असताना हा दोन ओळींचा संवाद वाचायला आम्हाला अख्खी बैठक पुरली नाही.

पण मला सगळ्यात खोल लागलेला उतारा वेगळा आहे. मिश्ना सांगते, समाजावर कुठलंही संकट आलं तर शिंग फुंकून प्रार्थना करा, फक्त अतिवृष्टी सोडून. जेरुसलेमच्या डोंगरावर बसून हे म्हणणं सोपं आहे. तिथे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, जास्त झाला म्हणून रडणार कोण? तालमूद मात्र इथे अडतं. बाबिलोनमध्ये अतिवृष्टीसाठीही शिंग फुंकतात, असं ते सांगतं, कारण तो मुलूख सखल. आणि मग एक निरोप येतो. ज्या वर्षी पाऊस फार व्हायचा, त्या वर्षी जेरुसलेमच्या मंदिरात पाळीवर असलेले लोक प्रार्थनेच्या गटाला कळवायचे: परदेशातल्या (म्हणजे बाबिलोनमधल्या) आपल्या भावांकडे लक्ष असू द्या, त्यांची घरंच त्यांच्या कबरी होऊ नयेत.

हे वाचलं तेव्हा आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही. रायगड जिल्ह्यात 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, 80हून अधिक माणसं गेली. दोन वर्षांनी इर्शाळवाडी. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. मग पडतो तेव्हा कोसळतो. प्रत्येक दरडीचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, उतार आणि माती यांचाही त्यात वाटा असतो. पण आज्ञा पाळाल तर वेळेवर पाऊस, नाही तर आभाळ बंद, हा आमच्या रोजच्या प्रार्थनेतला हिशेब मला तळियेपुढे ठेवता येत नाही. मी तो परिच्छेद म्हणते, पण त्या निरोपावर माझा जास्त विश्वास आहे. डोंगरावरच्यांनी सखल भागातल्यांची काळजी करावी, एवढं तरी त्यात सरळ लिहिलं आहे.

होडीत स्वतःच्या जागेखाली भोक पाडणारा माणूस किंवा नातवंडांसाठी झाड लावणारा म्हातारा, या आमच्या परंपरेतल्या गोष्टी पर्यावरणावरच्या प्रत्येक भाषणात येतात. मला त्यांचा कंटाळा आलाय. गोष्ट ऐकून माणूस मान डोलावतो आणि जेवायला जातो. कायदा वाचताना मात्र कुणी काय बंद करायचं ते ठरवावं लागतं. उदाहरणार्थ, ‘बाबा बत्रा’ प्रकरणात म्हटलंय की चामडं कमावण्याचा धंदा गावापासून पन्नास हात लांब आणि फक्त पूर्वेला हवा, वाऱ्याची दिशा बघून. पुढे तालमूद म्हणतं, वर्षानुवर्षं वहिवाट आहे म्हणून शेजाऱ्याकडे धूर सोडण्याचा हक्क मिळत नाही. जमिनीला वहिवाट लागते, धुराला नाही. दोनशे वर्षं कोळसा जाळणाऱ्या युरोप-अमेरिकेला हे ऐकवायला आमच्या गटाला फार आवडलं. चंद्रपूरच्या चिमण्यांनाही ते लागू होतं म्हटल्यावर उत्साह जरा कमी झाला.

सध्या आमच्या वाचनात ‘तानीत’मधली दुष्काळातल्या उपासांची पायरी चालू आहे. हेश्वान या ज्यू महिन्याच्या (साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर) 17 तारखेपर्यंत पाऊस नाही, तर आधी विद्वानांनी उपास करायचे. पुढचा किस्लेव महिना उजाडला तरी नाही, तर सगळ्यांनी तीन, मग आणखी तीन, मग सात. दर टप्प्याला काहीतरी बंद: आधी कामधंदा आणि स्नानगृहं, मग दुकानं. शोकाची राख सगळ्यात आधी तोराच्या (धर्मग्रंथाच्या) पेटीवर, मग थेट समाजप्रमुखाच्या आणि न्यायसभेच्या प्रमुखाच्या डोक्यावर. बाकीच्यांनी आपापली लावून घ्यायची. तेरा उपासांनंतरही आभाळ कोरडं, तर व्यापार, बांधकाम, लागवड आणि लग्नं कमी करायची.

बांधकाम म्हटल्याबरोबर आमच्यातले एक बिल्डर उखडले. ‘‘म्हणजे माणसांनी राहायचं कुठे?’’ सुदैवाने तालमूदनेच खुलासा केलाय: इथे बांधकाम म्हणजे आनंदासाठी केलेलं, मुलाच्या लग्नासाठी बांधलेलं घर. गरजेचं घर बांधायला हरकत नाही. आता तिसरा बेडरूम गरजेत बसतो की हौसेत, यावर गेल्या आठवड्यात भांडण झालं आणि बिल्डरसाहेब पुढच्या वेळी उलट बाजूचे उतारे काढून आणणार आहेत.