नऊने भाग जाणारा फरक

वयाच्या ४९व्या वर्षी मी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ टाकला, तेव्हा हिशेब विभागातल्या २६ वर्षांच्या कामाचा अनुभव पाठीशी होता, पण कॅमेऱ्यासमोर बोलण्याची सवय मुळीच नव्हती. विषय माझ्या रोजच्या कामातलाच निवडला होता: बँकेचे विवरण आणि आपली नोंदवही यांचा ताळमेळ बसत नसेल, तर चूक कुठे शोधावी. दोन बेरजांमधल्या फरकाला ९ने निःशेष भाग जात असेल, तर बहुधा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. ५,४८१ऐवजी ५,८४१ लिहिले गेले, की फरक ३६० येतो. जुन्या लेखनिकांना तोंडपाठ असलेली ही खूण आज संगणकावर काम करणाऱ्या अनेकांना कुणी सांगितलेलीच नसते.

आठ मिनिटांच्या त्या व्हिडिओत मी आधी नमस्कार केला, स्वतःची ओळख करून दिली, विषयाचे महत्त्व सांगितले आणि मग मुद्द्याकडे वळले. प्रेक्षक कुठपर्यंत टिकले हे दाखवणारा आलेख यूट्यूब आपल्याला देते. तो उघडला, तर पहिल्या चाळीस सेकंदांतच रेघ निम्म्यावर आली होती. मला फार वाईट वाटले, कारण ती चाळीस सेकंदे मी सर्वांत जास्त वेळा घोकली होती. पुढच्या व्हिडिओची सुरुवात मी थेट न जुळणाऱ्या दोन आकड्यांनी केली आणि माणसे थांबू लागली.

जाहिरातींच्या उत्पन्नाचा हिशेब मात्र प्रत्येकाने सुरुवातीलाच मांडावा. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे ही अट आहे. (शॉर्ट्ससाठी, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी, वेगळा मार्ग आहे, शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या तासांत धरला जात नाही.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. माझा व्हिडिओ सरासरी चार मिनिटे पाहिला जातो, असे धरले तरी तो ६०,००० वेळा उघडला जायला हवा. अट पूर्ण झाल्यावरही मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरात उत्पन्नातील ५५ टक्के वाटा आपल्याला मिळतो. घरखर्चाची भिस्त यावर ठेवून नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही वाट पाहण्याची वेळच धोक्याची असते. त्याच काळात मला व्हिडिओंना लाइक देऊन पैसे कमावण्याचा संदेश आला. पहिल्या दोन दिवसांत थोडी रक्कम खरोखरच खात्यात जमा झाली, मग ‘वरच्या पातळीच्या कामासाठी’ अनामत मागितली गेली. पडद्यावर माझी शिल्लक वाढत होती, पण ती काढायला गेले की आधी कर भरा, असे उत्तर येई. माझी दोन महिन्यांची बचत गेली. लाजेपोटी मी घरी चार दिवस बोलले नाही, याची मला आजही सर्वांत जास्त खंत वाटते, कारण पैसे अडवण्याची जी काही शक्यता असते, ती बँकेला तत्काळ कळवण्यातच असते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर कृपया त्याच क्षणी घरी आणि बँकेत सांगा.

माझी खरी कमाई जाहिरातींच्या आधीच, आणि मी न ठरवलेल्या वाटेने सुरू झाली. व्हिडिओखाली प्रश्न विचारणाऱ्या एकीने आपल्याला हिशेब शिकवण्याची विनंती केली. आज चार जण माझ्याकडे व्हिडिओ कॉलवर तासाच्या हिशेबाने शिकतात. सव्वीस वर्षे जे काम मुकाट्याने केले, त्याचे मोल कुणाला तरी वाटते, हे पाहून मी भारावून गेले.

गेल्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाने ६३०चा फरक दाखवला. ९ने भाग जात होता, तरीही अदलाबदल झालेले अंक कुठेच सापडेनात. तासाभराने ७०ची एक नोंद ७०० अशी सापडली. जास्तीच्या शून्यानेही फरकाला ९ने भाग जातो, हे मी माझ्या व्हिडिओत सांगितलेच नव्हते. उद्या सकाळी तेच चित्रित करणार आहे, आणि सुरुवात ७० व ७०० या दोन आकड्यांनीच करणार आहे.