रोजची २ किलो १०० ग्रॅम भाजी

आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते सातवी मिळून ३६ मुलं. गाव दापोली तालुक्यातलं, खाडीपासून थोडं आत. ऑगस्ट २०२४ मध्ये एकदा शाळेत दुपारच्या पोषण आहाराची चव बघायची पाळी माझी होती. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षक आणि एखादा पालक आहार चाखतात आणि चव रजिस्टरवर सही करतात. त्या दिवशी खिचडीत कोबी नि बटाटा होता. आदल्या दिवशीही तेच होतं, असं मुलांनी सांगितलं. आणि शाळेच्या गडग्याला लागून आमच्या भावकीतल्या काकींच्या मांडवावर पडवळं लोंबत होती. सरळ वाढावीत म्हणून काकींनी त्यांच्या टोकांना दगड बांधले होते.

"काकी, एवढी पडवळं कोणाला देता?"

"कोणाला देणार बाय? घरात माणसं दोन. जून झाली की म्हशीपुढे."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलाच नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे आणि आमच्या बचत गटाचं दप्तरही माझ्याकडेच असतं. म्हणून पहिल्यांदा गुरुजींनाच विचारलं, कोबीच का? त्यांनी सरळ सांगितलं. बाजार आठवड्यातून एकदा. कोबी-बटाटा आठवडाभर टिकतो, दुकानदार छापील बिल देतो, तपासणीला कोणी बोट ठेवत नाही. ती भाजी घाटावरून येते. गुरुजींचं म्हणणं मला पटलं, कारण उद्या हिशेबात चूक निघाली तर जबाब त्यांनाच द्यायचा असतो.

मग नियम काय आहे ते वाचायला घेतलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ नि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ नि ७५ ग्रॅम भाजी. तांदूळ सरकारकडून येतो, डाळ-तेल-मसाला पुरवठादाराकडून. आमच्या हातात उरते भाजी. २०२१ साली या मध्यान्ह भोजन योजनेचं नाव पीएम पोषण झालं, तेव्हाच स्थानिक पदार्थ, महिला बचत गट आणि शाळेची परसबाग यांना धरून चला असं सरकारने म्हटलं होतं. म्हणजे दार उघडंच होतं, आत कोणी गेलेलं नव्हतं.

रात्री वहीत हिशेब मांडला. लहान मुलं २४, मोठी १२. एकूण २ किलो १०० ग्रॅम. मी तो तीनदा तपासला. मला वाटत होतं, शाळेला भाजी पुरवायची म्हणजे कोणाला तरी एकरभर मळा करावा लागेल. दोन किलो तर एकट्या काकींचा मांडव देईल. प्रश्न होता तो रोज देण्याचा.

समितीच्या सभेत ठराव घेतला : भाजी गावातल्या शेतकऱ्यांकडून बचत गटामार्फत घ्यायची, दर आठवडी बाजारातल्या दरापेक्षा जास्त लावायचा नाही, वजन शाळेतल्या काट्यावर गुरुजी आणि स्वयंपाकी काकी या दोघांसमोर करायचं, आणि गटाने शिक्क्याची पावती द्यायची. पैसे गटाच्या बँक खात्यात. एवढं कागदावर आल्यावर गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

सप्टेंबरमध्ये सुरुवात झोकात झाली. शिराळी, पडवळ, भेंडी, तवसं, दुधी, रोज काहीतरी वेगळं. मृगात लावलेल्या वेली गणपतीच्या सुमारास भरभरून देतात, त्यामुळे तो महिना कोणालाही जमेल. खरी परीक्षा भातकापणीत लागली. ऑक्टोबरात सगळं गाव खळ्यावर. भाजी तोडायला बाईमाणूस घरात नाही आणि वेलीही उतरलेल्या. दोन आठवडे परत कोबी. मला फार वाईट वाटलं, पण त्यातूनच आम्ही कॅलेंडर करायला बसलो. कोणाच्या विहिरीला कधीपर्यंत पाणी असतं, कोण भातानंतरच्या ओलीवर वाल-पावटा पेरतं, कोणाच्या परड्यात सुरण आहे, हे सगळं मोठ्या कागदावर लिहून काढलं. डिसेंबर ते फेब्रुवारी लाल माठ, मुळा, वांगी, वालाच्या शेंगा. मार्चपासून पाणी आटतं, तेव्हा कोवळ्या फणसाची कुयरी, केळफूल, सुरण.

अवघड जून-जुलै. १५ जूनला शाळा सुरू होते आणि नव्या वेलीला फळ धरायला दोन महिने. त्या दिवसांत टाकळा मिळतो, कुर्डू मिळते, अळू मिळतं, आणि उन्हाळ्यात माळ्यावर टांगून ठेवलेले भोपळे.

अळूचं सांगायलाच हवं. जुलै २०२५ मध्ये एका घरातून अळू आलं ते परड्याच्या कडेचं, रानटी निघालं. त्या दिवशी आमसुलं संपत आली होती, स्वयंपाकी काकींनी तीन-चारच घातली. शाळेतल्या बाईंनी चव घेतली आणि दोन मिनिटांत घसा धरून बसल्या. मीही घास घेतला. जिभेला काटे टोचावेत तसं झालं. पातेलं तसंच बाजूला ठेवलं, मुलांना वरणभात वाढला. काकी रडायला लागल्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती. भाजी घेताना ती कोणती हे बघायचं काम गटाचं. तेव्हापासून अळू एकाच घरचं घेतो आणि आमसुलांची बरणी गटाकडून भरलेली असते. चव रजिस्टर ही नुसती सहीची वही नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट आमच्या आधी ध्यानात आली नाही. कोबी चिरायला दहा मिनिटं. वाल भिजवा, मोड आणा, सोला, कुयरी तेल लावलेल्या हाताने कापा, सुरण सोला. हे सगळं काम काकींच्या अंगावर पडलं, आणि त्यांचं मानधन आधीच तुटपुंजं. गावची भाजी शाळेत आणायची असेल तर हे श्रम कोणीतरी मोजले पाहिजेत. सरकारने मोजावेत असं माझं ठाम मत आहे. सध्या वालाच्या दिवशी दोन आया पाळीने सोलायला येतात, आणि त्यांना गटाच्या पैशातून थोडं काही देतो.

पैशाने तर दमवलंच. १ मे २०२५ पासूनच्या दराने लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे. डाळ, तेल, मसाला, इंधन, भाजी सगळं त्यातच. तेही वेळेवर येईल तर शपथ. एकदा चार महिने अनुदान अडकलं. मी कचेरीत तीन खेपा घातल्या, दर वेळी "वरून आलं नाही" एवढंच उत्तर. दुकानदार उधारी सोसतो, पण पाव किलो भेंडी देऊन मिठाचा पुडा नेणारी बाई कशी सोसेल? शेवटी गटातल्या बायांनी ठरवलं, बचतीतून ८ हजार बाजूला काढायचे, शेतकऱ्याला शनिवारच्या शनिवारी रोख द्यायची, आणि शाळेचे पैसे आले की ते परत गटात. हे ठरलं नसतं तर सगळं तिथेच मोडलं असतं.

नाचणीचे लाडू मात्र सोपे गेले. कच्ची भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न परवाना लागत नाही, पण लाडू करून द्यायचे तर गटाची अन्न सुरक्षा नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते, छोट्या व्यवसायाला वर्षाला १०० रुपये. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. आता आठवड्यातून एकदा पूरक आहारात लाडू असतो. नाचणी गावचीच. वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन पडीक टाकलेल्या दोघांनी कृषी विद्यापीठाचं दापोली १ बियाणं आणून ती परत लावली.

मुलांनी सगळं आवडीने खाल्लं असं म्हणणार नाही. टाकळा पहिल्यांदा निम्म्या ताटांत उरला. मग बाईंनी तिसरी-चौथीच्या मुलांना तो खुडायला नेलं, काकींनी ओलं खोबरं जरा सढळ हाताने घातलं. दुसऱ्या खेपेला एक पोरगा काकींना म्हणाला, "काकी, ही मी आणलेली हाय, मला जास्ती वाढा."

आज माळ्यावर बघून आले. नऊ भोपळे टांगलेत, त्यातल्या दोन भोपळ्यांचे देठ काळे पडायला लागलेत, ते आधी काढावे लागतील. पंधरा जूनला पुरतील असे सात. अजून चार हवेत. खालच्या वाडीत उद्या सकाळी जाते.