हिरोशिमा विद्यापीठात प्रवेश: नावाच्या दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे

हिरोशिमा विद्यापीठात संशोधक विद्यार्थिनी म्हणून यायचं ठरवलं तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापक मिळणं हीच कठीण पायरी, असं सगळे सांगत होते. माझ्या बाबतीत ते सरळ झालं. ईमेल, संशोधनाचा आराखडा, ऑनलाइन मुलाखत आणि होकार. सगळा त्रास झाला तो इकडे, आमच्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात.

आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि आईचं नाव आपल्या नावात धरलेलं नसतं. जपानला प्रत्येक कागदावर पासपोर्टप्रमाणे नाव लागतं. तिथल्या कार्यालयाने नम्रपणे कळवलं, की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं पत्र जोडा. मागणी अगदी वाजवी होती.

मी खिडकीवर गेले. तिथले कारकून म्हणाले, "मॅडम, गुणपत्रिका बरोबर आहे, मग दुरुस्ती कसली करायची?" दुरुस्ती नको, दाखला हवा, असं म्हटलं तर, "असा अर्जाचा नमुनाच नाही आमच्याकडे." मला पात्रता विभागात पाठवलं, तिथून पदवी प्रमाणपत्र विभागात आणि तिथून पुन्हा त्याच खिडकीवर. सहीचे साहेब कधी बैठकीत, कधी पेपर तपासणी केंद्रावर. नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून नेलं तर ते म्हणाले, हे तुमचं म्हणणं झालं, आमचं नाही. अहो, तुमचंच तर मागतेय! ऑक्टोबरच्या प्रवेशाची मुदत जवळ येत होती आणि माझी फाइल कुणाच्या टेबलावर आहे हे कुणीच सांगत नव्हतं. चार ओळींच्या पत्रासाठी एखाद्या विद्यार्थ्याला इतकं ताटकळत ठेवणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

सुटका झाली ती अभिलेख विभागातल्या एका ज्येष्ठ ताईंमुळे. त्या म्हणाल्या, तोंडी विचारत फिरू नकोस. अर्ज लिही, पासपोर्ट आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स जोड, पत्राचा मसुदा इंग्रजीत तूच टाइप करून दे आणि आवक विभागाचा शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय हलू नकोस. तसं केलं. क्रमांक हातात आल्यावर उपकुलसचिवांकडे थेट गेले आणि पत्र निघालं. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही.

त्या वाट पाहण्याच्या काळात मी या विद्यापीठाबद्दल खूप वाचलं. आजचं विद्यापीठ 1949 साली अनेक जुन्या संस्था एकत्र करून उभं राहिलं. त्यातलं उच्च अध्यापक विद्यालय तर 1902 सालचं. 6 ऑगस्ट 1945 च्या बॉम्बमध्ये त्या संस्था बेचिराख झाल्या होत्या. पहिले अध्यक्ष मोरितो तात्सुओ यांनी जगभरच्या विद्यापीठांना पत्रं लिहून पुस्तकं आणि रोपं मागितली. म्हणूनच राखेतून उठणारा फिनिक्स हे इथलं चिन्ह आहे आणि पाच मूलतत्त्वांत शांततेचा ध्यास पहिला. बॉम्ब पडला तेव्हा आग्नेय आशियातून आलेले विद्यार्थीही शहरात शिकत होते. मलायाचे निक युसुफ आणि सय्यद ओमर त्यात गेले. वाचलेले पेंगिरान युसुफ पुढे ब्रुनेईचे मुख्यमंत्री झाले. त्या देशाच्या राष्ट्रगीताचे शब्दही त्यांचेच. विद्यापीठाने अनेक दशकांनी त्यांना मानद डॉक्टरेट दिली. परदेशी विद्यार्थ्याची अशी आठवण ठेवणाऱ्या ठिकाणी जायचंच, हा माझा हट्ट तेव्हा पक्का झाला.

पुढचं भराभर झालं. व्हिसाच्या अर्जाला जोडायचं वास्तव्य पात्रतेचं प्रमाणपत्र (COE) विद्यापीठच इमिग्रेशनकडून काढून देतं आणि ते आता ईमेलवरही मिळतं. ते तीन महिनेच चालतं, त्यामुळे मिळाल्याबरोबर व्हिसाचा अर्ज करा.

एक राहिलंच: खोली हिरोशिमा शहरात शोधू नका! विद्यापीठाचा मुख्य परिसर हिगाशी-हिरोशिमात, साइजोला आहे. हे स्थलांतर 1982 ते 1995 या काळात झालं. शहरातून लोकलने चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि पुढे बस. वैद्यकीय शाखेचे असाल तर गोष्ट वेगळी, तो परिसर शहरातच, कासुमीला आहे. राहायला आल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, आरोग्य विमाही तिथेच होतो. मला तिथे कुठेही थांबावं लागलं नाही.

आणि गुणपत्रक बंद पाकिटात मागितलं असेल तर पाकिटाच्या जोडावर शिक्का आहे ना, ते खिडकीवरच बघून घ्या. नावाच्या पत्राच्या तीन-चार मूळ प्रती एकदमच मागा, शिष्यवृत्तीच्या अर्जालाही तेच पत्र लागतं.