तुम्ही विचारलंत म्हणून: किल्लीवाल्याला सरकारी परवाना कशाला?

कुलपांच्या धंद्यातला माणूस स्वतःहून सरकारी नियम मागतो हे ऐकलं की लोक हमखास विचारतात, "अर्ज, खेटे, शिक्के... हे लोढणं कशाला गळ्यात बांधून घेताय?" प्रश्न रास्त आहे. सरकारी कारभाराबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा फारसं वेगळं नाही. तरीही परवाना हवाच असं मी म्हणतो, आणि तो गिऱ्हाइकाच्याही आधी मला हवाय.

आधी आमचं काम काय असतं ते बघा. किल्ली हरवली की कुलूप न खोलताही नवी किल्ली करता येते. कोरी किल्ली आत घालायची, ताण देऊन दोन्ही बाजूंना हलवायची, बाहेर काढून उजेडात तिरकी धरायची. कुलपाच्या आत छोट्या धातूच्या कांड्या असतात, त्या पिना; त्या जिथे अडल्या तिथे पितळेवर सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. तेवढ्याच जागी कानस फिरवायची आणि पुन्हा आत घालायची. ठिपका उमटेनासा झाला की ती पिन जागेवर आली. अशा सगळ्या पिना आल्या की कुलूप फिरतं. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. आता तशीच दुसरी किल्ली मी माझ्या खिशात ठेवली, तर? कुलपावर त्याची कसलीही खूण राहत नाही. नळ गळला तर पाणी दिसतं, भिंत वाकडी झाली तर ओळंबा सांगतो. माझी लबाडी मात्र काम संपल्यावर वर्षभरानेही कुणाला दिसायची नाही.

दुसरी फसवणूक त्या मानाने ढोबळ आहे, आणि अनेक देशांत तिचा रीतसर धंदा झालाय. फोनवर अगदी कमी दर सांगायचा, माणूस पाठवायचा, त्याने कुलपाकडे बघून मान हलवायची. "हे भारी कुलूप आहे, ड्रिल मारावं लागेल." कुलूप मोडलं की नवं त्याच्याकडूनच घ्यायचं आणि बिल दाराबाहेर उभं राहूनच चुकतं करायचं. ओढून घेतल्यामुळे नुसतं लॅच लागलेलं दार शिकलेला माणूस बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उघडतो आणि कुलपाला ओरखडाही येत नाही. पण रात्री दाराबाहेर अडकलेल्या माणसाला हे कुठून माहीत असणार? बिलाची फसवणूक निदान ग्राहक कायद्यात बसवता येते. माझा खरा पेच तिसराच आहे.

दार कुणाचं?

एकदा उशिरा बोलावणं आलं. दारात गृहस्थ उभे, हातात बॅग. किल्ली आत राहिली म्हणाले. ओळखपत्र मागितलं, त्यावर पत्ता हाच होता. पिशवीतून हत्यारं काढतोय तोवर आतून कडी वाजली. आत कुणीतरी होतं आणि त्यांना दार उघडायचं नव्हतं. मी हत्यारं परत पिशवीत टाकली. गृहस्थ चिडले: घर माझं, कागद माझे, तू कोण ठरवणारा? खरंच, मी कोण? नवऱ्याने बायकोला बाहेर काढून कुलूप बदलायला सांगितलं, घरमालकाने भाडेकरू गावाला गेल्याचं साधून बोलावलं, भावाभावांचा वाद कोर्टात असताना एकाने बोलावलं, तर प्रत्येक वेळी निवाडा द्यायचा मी, तोही पायरीवर उभं राहून, दोन मिनिटांत. नाही म्हटलं तर तो दुसऱ्याला फोन करतो आणि तो दुसरा उघडून देतो. नियम असता तर मला एवढंच म्हणता आलं असतं: साहेब, फॉर्म भरा, नाहीतर माझा परवाना जाईल. नकार माझा राहिला नसता, कायद्याचा झाला असता.

असा फॉर्म ही काही माझी कल्पना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तो कायद्यानेच आहे. तिथला परवानाधारक कुणाचं घर उघडून देतो तेव्हा जागेचा पत्ता, बोलावणाऱ्याचं नाव, फोन, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही कामाच्या कागदावर घेतो. तो कागद २ वर्षं जपावा लागतो आणि पोलिसांना तो बघता येतो. खोटी सही करायची असेल तर माणूस तिथेच बिचकतो. सगळेच बिचकणार नाहीत, पण मला तेवढंही पुरेसं आहे.

बाकी जगात मात्र सगळा सावळा गोंधळ आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९९७च्या सुरक्षा कायद्याखाली कुलूपवाल्याला परवाना लागतो. अमेरिकेत टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना अशा मोजक्या राज्यांत लागतो, बाकीच्यांत नाही. गंमत म्हणजे तिथल्या टपालाच्या कायद्यानुसार कुलपं उघडायची हत्यारं टपालाने फक्त ठरावीक लोकांनाच पाठवता येतात आणि त्यांत 'खरा कुलूपवाला' येतो. आता बहुतेक राज्यांत परवानाच नसेल तर खरा कोण हे टपालवाल्याने ओळखायचं कसं? ब्रिटनमध्ये दुसऱ्यांच्या जागेच्या किल्ल्या सांभाळण्याची सेवा देणाऱ्या सुरक्षारक्षकाला २००१च्या कायद्याने परवाना लागतो. त्याच किल्ल्या घडवणाऱ्याला लागत नाही.

"चोर काय किल्लीवाल्याला विचारून येतात?" असंही विचारतात. नाही येत. चोर बहुधा दार फोडतो किंवा उघडी खिडकी शोधतो. विद्या लपवा असं मी म्हणतच नाही. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कारागिराने बनवलेलं ब्रामा कुलूप १७९०पासून त्याच्या दुकानाच्या खिडकीत होतं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) बक्षीस. १८५१ साली आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने ते १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलं. तेव्हाही काहींनी ओरड केली की अशाने चोरांना शिकवणी मिळते. प्रत्यक्षात कुलपं सुधारली. हत्यारं बाळगणं, छंद म्हणून कुलूप उघडायला शिकणं, यावर बंदी नकोच. प्रश्न विद्येचा नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचं दार उघडणारा सापडायला हवा, एवढंच.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. परवाना आला की जुने लोक त्याचं कुंपण करतात: एवढे तास शिका, एवढी फी भरा, इंग्रजीत परीक्षा द्या. बापाकडून कानस धरायला शिकलेला, पदपथावर पेटी मांडून बसणारा माणूस पहिल्या झटक्यात बाहेर फेकला जाईल, आणि फोनवर ड्रिलवाले पाठवणारी कंपनी वकील लावून आत राहील. म्हणून परीक्षा नको. ओळख पटवा, घरफोडीचा गुन्हा नाही एवढं तपासा, क्रमांक द्या, तो जाहिरातीत आणि बिलावर छापायला लावा, दार उघडल्याची नोंद ठेवायला लावा. फी नाममात्र. गाडीच्या किल्ल्यांच्या बाबतीत हे आधीच चालतं. अमेरिकेत किल्लीचे आणि इमोबिलायझरचे (चुकीच्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) कोड गाडी कंपन्या पार्श्वभूमी तपासून नोंदवलेल्या लोकांनाच देतात. कुणी काय काढलं याची नोंद राहते.

असं काही होईल तेव्हा होईल. तोवर दाराबाहेर अडकलात तर फोनवरच एकूण खर्च विचारा, कुलूप मोडावं लागल्यास किती तेही विचारा. आल्या आल्या त्याने ड्रिल काढलं तर येण्याजाण्याचे पैसे देऊन त्याला परत पाठवा. तुमचं ओळखपत्र न मागता जो कुलपाला हात लावतो, त्यालाही.